राइट बॅक, सावलीकडची बाजू

२८ मार्च
सगळं बदललं ते डिसेंबरात, कॉलेजच्या ग्राउंडवर. मी मेकॅनिकलच्या एका पोट्ट्याला बॉलसकट लाइनीबाहेर काढला आणि मयुरा म्हणाली, "बढिया अडवलं गा तू." बस. दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं. प्रोफेशनल डिफेंडर होणार. बाबा म्हणाले, पाचव्या सेमिस्टरले कोणी सोडते काय. बाबांना व्हिजन नाही.
आजपासून डोकं थंड. रेफ्रीशी एक शब्द बोलायचा नाही. आणि मयुराला मनातलं सांगून टाकायचं.

३१ मार्च
रेफ्रीशी बोललो. यलो कार्ड. माझी चूक नाही, सुरुवात त्याने शिट्टी वाजवून केली.

२ एप्रिल, संध्याकाळ
कोच भैयाजी सगळ्यांसमोर म्हणाले, डिफेंडरनं जागा धरून राहावं, तू बॉल सोडून माणसाच्या मागं धावून राहिला. पण धक्का माणसानेच दिला होता, बॉलने नाही. हे सांगितलं तर ग्राउंडला चकरा मारायला लावल्या.
मयुरा आली होती. शेडखाली बसते. अख्ख्या ग्राउंडवर सावली तेवढीच. पहिल्या हाफला मी बरोबर तिच्यासमोर. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, की राइट बॅक पलीकडे, उन्हात. आणि तिच्यासमोर लेफ्ट बॅक बंटी. हा नियम कोणी केला? बंटी तिच्याकडे पाहत पाणी पितो. पाणी बाटलीकडे पाहून प्यावं.

९ एप्रिल
कोलकात्याच्या एका क्लबचा माणूस १९ तारखेची फायनल पाहायला येतोय. त्यांना एकच डिफेंडर पाहिजे. एक म्हणजे मी. मयुराला फोन केला. म्हणाली, पूर्ण मॅच तुलेच पाहीन, फक्त भांडू नको. मी म्हटलं, मी कधी भांडतो? यावरून भांडण झालं.

१२ एप्रिल
भैयाजींना सुचवलं, दुसऱ्या हाफला मी लेफ्ट बॅक खेळतो. कारण टॅक्टिकल सांगितलं. म्हणाले, "डावा पाय तुले मोजा घालाले देल्ला काय?"
जळतात. डाव्या पायाची प्रॅक्टिस सुरू केली. बॉल संत्र्याच्या हातगाडीवर गेला. दोनदा. हातगाडीवाल्याने शिव्या दिल्या. ग्राउंडजवळ हातगाडी लावावीच का म्हणतो मी.

२० एप्रिल, सकाळ
काल फायनल. पहिला हाफ मी एकट्याने अडवला. कोलकात्याचा माणूस मान हलवत होता. शून्य-शून्य. ऊन असं की पोस्टला हात लावला तर चटका.
दुसऱ्या हाफला मी गपचूप डावीकडे, सावलीकडे जाऊन उभा राहिलो. बंटी म्हणाला, "काहून आला इकडं? तिकडं कोण हाय मग?" मी म्हटलं, तू जा. तो म्हणाला, तू जा. भैयाजी लाइनीवरून ओरडत होते, ते मला ऐकू आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण मी शेडकडे पाहत होतो. मयुराची जागा रिकामी. अशा मॅचमधून उठून गेली! डोकंच सरकलं. मी हललोच नाही. बराच वेळ आम्ही दोघंही डावीकडेच. मग त्यांचा विंगर आमच्या मोकळ्या उजव्या बाजूने, बारातीत चालावं तसा, आरामात आत शिरला. गोल.
लाइन्समनला समजावलं की ऑफसाइड होता. रेड कार्ड. जाताना पाण्याच्या क्रेटला लाथ मारली. डाव्या पायाची पहिली सरळ किक.

२१ एप्रिल
बंटीला नेलं. कोलकात्याचा माणूस भैयाजींना म्हणाला, हाफटाइमला माझ्या मनात राइट बॅकचं नाव पक्कं होतं. मग हाफटाइमलाच उठायचं होतं ना. कोणी थांबवलं होतं?

२२ एप्रिल
मयुरा फोन उचलत नाही. विषय संपला. नंबर डिलीट केला. पाठ आहे, त्याला इलाज नाही.

२३ एप्रिल, दुपार
तिच्या बहिणीचा, हिमानीचा फोन. मयुराला ऊन लागलं. मॅचच्या संध्याकाळपासून सलाइनवर होती, आज घरी आणली. मी म्हटलं, शेडखाली बसून ऊन कसं लागते?
हिमानी म्हणाली, "सेकंड हाफले तू तिकडं राहशील म्हणून हाफटाइमलेच उठून तिकडं जाऊन बसली न ते. पूर्ण मॅच तुले पाहतो म्हणे. येईल आपल्या जागेवर, येईल आपल्या जागेवर, करत बसली. तू होता कुठं गा?"
फोन ठेवला.
आता राग येतोय. सांगायचं नाही का आधी? एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर नुसती ओढणी घेऊन, कोणी बसते का असं? चाललो तिच्या घरी. चांगलं सुनावतो. आईने कैरीचं पन्हं केलंय, ती बाटली घेतली आहे, कारण सुनावायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये.
दार धाडकन आपटूनच निघणार होतो. पण बाबा झोपलेत. हळूच लावतो.