लाल झाकणाची नळी

४ मार्च
बारा आठवडे झाले एकदाचे. आज दुसऱ्यांदा रक्त दिलं — माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच खुर्चीत बसून. तीन गर्भपातांनंतर डिसेंबरात अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या, पण एकदा येऊन भागत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा याव्या लागतात. आल्या तर कारण सापडलं, इंजेक्शनं घेऊन पुढचं बाळ टिकवता येईल. नाही आल्या तर पुन्हा चाचपडणं. मग प्रयत्नच नकोत, असं आमचं ठरलंय. आजार निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली मी एकटीच असेन!

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, 'तुमची प्रतिकारशक्ती जरा संशयी आहे.' नवरा फिस्सकन हसला. आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी.

स्पिरिटला आज घाण वास. मळमळलं. पुरवठादार भेसळ करतो — बाईंना (आमच्या लॅबप्रमुख) म्हटलंही तसं.

६ मार्च
बाईंनी पुन्हा रक्त मागितलं. 'निळ्या झाकणाच्या नळीत गुठळी झाली गं.' शक्यच नाही! आतलं न गोठू देणारं औषध मिसळावं म्हणून नळी मी स्वतः आठ वेळा उलटसुलट केली होती. आणि बिघडली निळी, तर आज भरून घेतली लाल झाकणाची का? तिच्यात रक्त गोठायलाच हवं असतं! मला दुधखुळी समजतात की काय?

७ मार्च
बाईंच्या ड्रॉवरला कुलूप. मी आत गेले तर हातातला कागद पालथा घातला. रिपोर्टचं विचारलं, तर म्हणे 'चहा घे.' चहा नकोच वाटतो हल्ली.
निगेटिव्ह आलंय. सांगायला जीभ रेटत नाही त्यांची.
घरी नवऱ्याने आपणहून भांडी घासली! त्यालाही फितवलंय. कुठेतरी पाणी मुरतंय.

८ मार्च
या आठवड्यात तिसऱ्यांदा रक्त. पुन्हा लाल झाकण! 'मशीन अडलं.' सकाळी मशीन मीच तपासलं होतं. तोंडावर म्हणाले, बाई, खोटं बोलणं तुम्हाला शोभत नाही. त्या हातमोजे काढत राहिल्या. 'उद्यापर्यंत कळ काढ, पोरी.'
नवऱ्याला फैलावर घेतलं. 'मला काय विचारतेस? लॅब तुझी!' आव तर असा आणतो!

९ मार्च
बाईंनी ड्रॉवर उघडून कागद दिला. वर — अँटीबॉडी पुन्हा पॉझिटिव्ह. खाली माझ्या तीन नळ्यांचे आकडे, दिवस गेल्याच्या तपासणीचे : ११८, २५१, ५३०. दोन-दोन दिवसांनी दुप्पट.

पाळी माझी नेहमीच मागेपुढे होते. मला कुठली शंका यायला!

'स्पिरिटचा वास येतो म्हणालीस, तेव्हाच पाल चुकचुकली. पण मागच्या खेपेला मीच घाईने सांगितलं होतं तुला. या वेळी वाढतंय का ते आधी बघितलं.'

न विचारता तपासलंच कसं, म्हणून कडाकडा भांडले. मग त्यांच्याच खांद्यावर रडले. खूप भीती वाटतेय. डॉक्टरबाईंना फोन झाला. पोटात पहिलं इंजेक्शन बाईंनीच दिलं.

स्पिरिट तेच होतं.