झोपेच्या फेरपरीक्षेबद्दल आत्यास

तीर्थस्वरूप आत्याच्या चरणी साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहिण्यापुरता नाही. मी खरोखरच पालथा पडून लिहितो आहे, त्यामुळे आठही अंगं जमिनीला नसली तरी गादीला टेकलेली आहेत.) तुझी तब्येत कशी आहे? आतोबांचा गुडघा काय म्हणतो? मी आठवण काढल्याचं त्यांना सांग, जमल्यास गुडघ्यालाही सांग. माझं उत्तम चाललं आहे, फक्त झोप येत नाही. आणि झोपणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे आमच्याकडे याला आजार म्हणत नाहीत, कामचुकारपणा म्हणतात.

माझी नोकरी तुला कधी नीट समजली नाही, आणि ज्यांना समजली त्यांना पटली नाही, म्हणून पुन्हा सांगतो. आमचा गाद्यांचा कारखाना. कापणं, भरणं, शिवणं सगळं खाली, आणि वरच्या मजल्यावर आमची चाचणीची खोली. जाड निळे पडदे, भर सकाळी दिवेलागण झाल्यासारखा उजेड, खालच्या यंत्रांची घरघर इतकी पुसट की ती आपल्याच छातीत चालली आहे असं वाटावं, हवेत कापसाचा एखादा तंतू कुठेही जायची घाई नसल्यासारखा तरंगतो आहे, आणि एकेका गादीवर एकेक पगारी माणूस. नव्या तऱ्हेची गादी निघाली की आधी आम्ही तिच्यावर झोपायचं आणि उठून सांगायचं, की ही कमरेत खचते, ही खांद्याला टोचते, ही कूस बदलताना माणसाला विचारात पाडते. मला हे शिकवलं आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ अण्णांनी. शिकवलं म्हणजे काय, तर पहिल्या दिवशी ते शेजारच्या गादीवर झोपले आणि त्यांच्याकडे बघत बघत मीही झोपलो. उठल्यावर त्यांनी विचारलं, "कळलं का?" मी म्हटलं, "हो." झालं प्रशिक्षण. पुढे हळूहळू डोळे उघडायच्या आधीच गादीचं सगळं चरित्र माझ्या पाठीला कळायला लागलं. ते कसं कळतं हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही पाठीला कधी विचारलं नाही.

असं सुखात चाललं असताना साहेबांना काळजी लागली, की अण्णा निवृत्त झाले म्हणजे हे सगळं ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जाईल. (अण्णांचीही तशीच इच्छा होती.) म्हणून एक प्रशिक्षण अधिकारी बाई नेमल्या. बाई मोठ्या गोड आणि उत्साही, त्यांचा दोष काडीचा नाही. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर गोल बसवलं आणि विचारलं, तुम्ही झोपता म्हणजे नेमकं काय करता? आधी कुठली कूस? विचार थांबतात ते एकदम की एकेक करून? आणि थांबले हे कोणाला कळतं? मग एकेकाची गाठोडी सुटायला लागली. अण्णा मनातल्या मनात एक लांबलचक जिना उतरतात. मी पाय नाहीसे झाले असं समजतो आणि तसाच एकेक अवयव सोडत वर वर येतो. शिवणखात्यातून आलेल्या मावशी आजवर ज्यांच्याशी भांडण झालं त्यांना क्रमाने आठवतात आणि थोरल्या जावेपर्यंत पोचतात न पोचतात तोच घोरायला लागतात. बाईंनी या सगळ्याचं एक सुबक पाठ्यपुस्तक केलं, प्रत्येकाने प्रत्येकाची पद्धत शिकायची असं ठरलं, आणि तिथेच माशी शिंकली. अण्णा मावशींच्या पद्धतीने झोपायला गेले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांवर संतापून बसले. मावशी अण्णांचा जिना उतरायला लागल्या आणि तळाशी जाऊन दमून जाग्याच राहिल्या. माझं तर विचारूच नकोस. गादीला पाठ लागली की मी स्वतःला विचारतो, विचार थांबले का? आणि हा विचार काही थांबत नाही. ज्ञान दिल्याने वाढतं म्हणतात. आमचं खरंच वाढलं, झोप तेवढी गेली.

मग परीक्षा आली. लेखी परीक्षेत मी पहिला आलो. (हे वाक्य तू पुन्हा एकदा वाच, असा योग आपल्या घराण्यात वारंवार येत नाही.) प्रात्यक्षिकाला मुख्य कचेरीतून एक गंभीर परीक्षक आले आणि माझ्या गादीशेजारी खुर्ची टाकून बसले. मी डोळे मिटले, पाय नाहीसे केले, ते पुन्हा आले, पुन्हा नाहीसे केले. शेवटी कंटाळून परीक्षक म्हणाले, निदान काय करता आहात ते तोंडाने सांगा. मी हळू आवाजात सांगायला लागलो. पाय नाहीसे झाले असं समजावं, खांदे मोकळे सोडावेत, जबडा सैल सोडावा. जबड्यापाशी आलो तेव्हा त्यांचा जबडा सैल सुटलेला दिसला. गृहस्थ गाढ झोपले होते. मान बिचाऱ्याची एका बाजूला लोंबत होती, आणि ज्याला या धंद्यातलं कळतं त्याला असली मान बघवत नाही, म्हणून मी उठून तिच्याखाली उशी सरकवली. पडद्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा त्यांच्या बुटांवरून गुडघ्यावर सावकाश चढत होता. मी बघत बसलो. आत्या, मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. जेवणाच्या घंटेने ते जागे झाले आणि डोळे उघडायच्या आधीच म्हणाले, की या खुर्चीची पाठ डाव्या बाजूला कडक आहे. निदान बिनचूक होतं. मग त्यांनी मला नापास केलं. विषयाची जाण सखोल, अंमलबजावणी शून्य, असा शेरा आहे. अण्णाही नापास झाले आणि त्या आनंदात मुदतीआधीच निवृत्त झाले. घरी छान झोपतात असं ऐकतो.

माझी फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तिच्यातही नापास झालो तर माझी बदली माल चढवण्याच्या खात्यात होईल. कष्टाला मी भीत नाही (थोडा भितो), पण ज्या गाद्यांवर झोप लागत नाही त्या पाठीवरून वाहत जन्म काढायचा, हे काही मनाला पटत नाही. असो. तू काळजी करू नकोस, हे आपलं सहज कळवलं. आतोबांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा भूगोलात कच्चा भाचा

ता. क. फेरपरीक्षेला उमेदवाराने आपल्या शिक्षकाला सोबत आणलं तरी चालतं, असा नियम आहे. अण्णांचं नाव द्यायला म्हणून गेलो आणि तुझं देऊन आलो. येशील का? तुला काही करायचं नाही. शाळेत दुपारच्या तासाला शिकवायचीस तशा शेजारी बसून नद्या सांगायच्या, उगमापासून.

ता. क. २. तुझा तास कंटाळवाणा होता असा याचा अर्थ घेऊ नकोस. धाकटा भाऊ तेव्हा तान्हा, घरात रात्र रात्र रडायचा, मला झोप कशी ती नव्हती, आणि शाळेत हे तुला एकटीला ठाऊक होतं. मी बाकावर डोकं टेकलं की तू आवाज खाली आणायचीस. झोपेतही मला ते कळायचं. बाकीची मुलं ऐकू यावं म्हणून पुढे सरकून कान द्यायची, त्यामुळे त्यांचा भूगोल पक्का झाला. मला तू वर्षाअखेर नापास केलंस, आणि ते बरोबरच होतं. पण उठवलं कधी नाहीस.

ता. क. ३. तुझी लेक सांगत होती, की हल्ली तू नावं विसरतेस आणि त्यामुळे कुठे जायला संकोचतेस. या कारणासाठी मात्र नाही म्हणू नकोस. एखादी नदी भलत्याच समुद्रात नेऊन सोडलीस तरी चालेल. मला कुठे कळणार आहे.