छापील किंमत एकशे ऐंशी

१२ फेब्रुवारी १९९९
पुण्याच्या प्रकाशन कंपनीचे पत्र आले. रानभाज्यांवरील माझे हस्तलिखित 'अत्यंत मौलिक' आहे म्हणे. ते मला त्यांच्याकडून कळण्याची गरज नव्हती. बावीस वर्षे पेठ-सुरगाण्याचे डोंगर त्यासाठी पायी हिंडले आहे. खरा मजकूर दुसऱ्या परिच्छेदात. 'लेखक-सहभाग योजना'. सहभाग म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये. शिवाय तीनशे प्रती तीस टक्के सवलतीने मीच विकत घ्यायच्या. सोबत तक्ता: अक्षरजुळणी, चित्रकार, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, प्रकाशन समारंभ. मुद्रिते मी स्वतः तपासणार, हे पहिल्याच पत्रात लिहिले होते. म्हणजे तपासायचे मी, आणि तपासल्याबद्दल पैसेही मीच द्यायचे.

सुमनने पत्र माझ्याआधी वाचले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आपलाच पहिला हक्क, अशी माझ्या या धाकट्या बहिणीची समजूत आहे. म्हणाली, "ताई, म्हणजे लग्न तुझं, जेवणावळ तुझी, आणि आहेरही तूच करायचा?"
पत्र तिच्या हातातून काढून घेतले.

१९ फेब्रुवारी
इथे नाशकातच, शालिमारजवळच्या मुद्रकाकडे जाऊन आले. कंपनीपेक्षा निम्म्यात छापून देतो म्हणाला. "पण बाई, विकणार कोण? घरात गठ्ठे ठेवायला जागा आहे ना?" प्रश्न उर्मट, पण रास्त. कॉलेजातील माझे जुने सहकारी प्रा. जो. यांच्या दिवाणाखाली त्यांच्या कवितासंग्रहाचे गठ्ठे अकरा वर्षे आहेत. पाहुण्यांना त्यावर झोपवतात. कंपनीकडे निदान वितरण आहे. तिचा मालक श्री. रा. फोनवर म्हणाला, "महाराष्ट्रभर, मॅडम." गोड बोलतो. गोड बोलणारी माणसे मला प्रथमपासून आवडत नाहीत.

५ मार्च
करार आला. चौदा कलमे. तीन दिवस दुसरे काही केले नाही. कागदाचे वजन, शिवलेली बांधणी, छप्पन्न चित्रपट्ट्या (भाजीमागे एक पानभर चित्र) मूळ आकारात, शाईची प्रत. नऊ दुरुस्त्या सुचवल्या, नऊही मान्य. रा. म्हणाला, "इतक्या बारकाईनं करार वाचणाऱ्या लेखिका तुम्हीच पहिल्या." हे मात्र खोटे नसावे.
सुमन: "किमतीचं काय ठरलं?"
ते काम दुकानदाराचे. घासाघीस करायला मी डॉक्टरेट मिळवलेली नाही. सही करून पाठवला.

११ एप्रिल
पेठला गेले. चंदर भोये घरीच होता. वनखात्याच्या पहाऱ्यावरून निवृत्त झाला, पण पाय अजून रानातच. बावीस वर्षांत मला या माणसाने जेवढे दाखवले, तेवढे वाळवलेल्या वनस्पतींच्या एकाही संग्रहात, हर्बेरियममध्ये, नाही. पुस्तक निघते आहे म्हटल्यावर आधी हसला, मग गंभीर झाला.
"आमच्या आश्रमशाळंत येईल ना, बाई? पोरांच्या आया द्राक्षाच्या कामाला निफाडकडं. पोरं शाळंत. गुरुजी लोक देशावरचे. मंग पोरान्ला रान दाखवाया कोण ऱ्हायलं?"
शब्द दिला. प्रत्येक शाळेला परवडेल, पन्नास रुपयांच्या आत. या पुस्तकाचे कारणच ते आहे.
"चित्रं दावा की."
चित्रे पुण्याला तज्ज्ञांकडे तपासणीस आहेत. म्हटले, छापून आल्यावर पाहाच.

२० जुलै
चौथी मुद्रिते. दुसऱ्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती लेखकाच्या खर्चाने, पानाला पंधरा रुपये, चित्राला अडीचशे. कुर्डूच्या फुलात चित्रकाराने सहा पुंकेसर काढले आहेत. कुर्डूला पाच असतात. हे मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवीत असे, आणि चुकणाऱ्याला उभे करीत असे.
रा.: "मॅडम, एका पुंकेसरासाठी अडीचशे? कोण मोजणारेय?"
मी मोजणार आहे. पैसे पाठवले.
सुमनच्या मते कंपनीने माझ्यासारखी चार माणसे धरली तर तिला पुस्तके विकावी लागणारच नाहीत.

२ सप्टेंबर
प्रस्तावनेसाठी एक माजी कुलगुरू सुचवले आहेत. मानधन दोन हजार, माझ्याकडून. गृहस्थांचा विषय अर्थशास्त्र. नकार कळवला. त्यावर उलट टपाली: 'प्रस्तावना नसल्यास समारंभाला तरी अध्यक्ष वजनदार असावेत.' तोच माणूस, तेवढेच मानधन, शिवाय येण्याजाण्याची गाडी. दमले आहे.

९ जानेवारी २०००
आज प्रकाशन. गंगापूर रोडवरील सभागृह, शाल, श्रीफळ, बटाटेवडे, तक्त्यात समारंभ असूनही सर्व 'सहभागा'बाहेर, माझ्या खर्चाने. अध्यक्ष चाळीस मिनिटे स्वतःच्या बालपणावर बोलले. त्यात एकदा मेथी आली, एवढाच विषयाशी संबंध. कंपनीची गाडी प्रती घेऊन समारंभाच्या वेळेलाच पोचली. प्रत प्रथम हातात आली ती व्यासपीठावर. बांधणी उत्तम. चित्रे अप्रतिम. पाच पुंकेसर.
मग उलटून मागची बाजू पाहिली.
किंमत रु. १८०.
टाळ्या चालू होत्या. रा. शेजारीच बसला होता. त्याला विचारले, हे काय?
"दुकानदाराला चाळीस टक्के, ग्रंथालयाला सवलत. एकशे ऐंशी लावल्याशिवाय परवडत नाही, मॅडम. कलम अकरा."
घरी येताच करार काढला. कलम अकरा: किंमत प्रकाशक ठरवील. कागदाच्या वजनाच्या कलमाखाली माझीच लाल शाई आहे. अकराव्याच्या समासात काही नाही. कोरा.
(तेवीस जणांनी 'आम्हाला सप्रेम भेट ना?' असे विचारले. विकत घेऊ म्हणणारे दोन. त्यांतील एक सुमन.)

१४ मार्च
नाशकातील तिन्ही मोठ्या दुकानांत विचारले. एकाकडेही पुस्तक नाही. तिसऱ्याने विचारले, "पाककृती आहेत का त्यात? मग चालेल." कंपनीला पत्र लिहिले. उत्तर: नाशिक विभागात मांडणी हवी असल्यास 'वितरण नोंदणी' पंधराशे. मग महाराष्ट्रभर म्हणजे नेमके कुठे? माझ्या नकाशात नाशिक महाराष्ट्रात आहे.
माझ्या तीनशे प्रती आल्या, प्रत्येकी एकशे सव्वीस. दिवाणाखाली मावल्या नाहीत. सुमनच्या शिवणयंत्राखालीही ठेवल्या. प्रा. जो. भेटायला आले होते. गठ्ठे पायाने हलकेच आत सारून बसले. ते लागले.

२४ मे
ठरले. माझ्या प्रती मी पेठच्या शाळांना पंचेचाळीसला देणार.
सुमन: "म्हणजे प्रत्येक प्रतीमागे एक्याऐंशी तू घालणार. ताई, गिऱ्हाइकाला पुस्तक देऊन वर पैसे देणारी तू पहिलीच."
शब्द दिला आहे. घासाघीस करायची वेळ होती तेव्हा मला तो हलकेपणा वाटला. त्याची किंमत एक्याऐंशी असेल तर एक्याऐंशी.

१८ जून
पेठचा बाजार. दोन पिशव्या घेऊन पहिल्या एसटीने. चंदरची मुलगी हिराबाई भाजीची पाटी घेऊन बसते, तिच्या शेजारी फरशीचा तुकडा मिळाला. आयुष्यात प्रथमच खाली बसून काही विकले. एक बाई म्हणाली, "मास्तरीणबाई, ह्या कागदाची भाजी कशी करायची?" हिराबाई पदर तोंडाला लावून हसत होती. तिला पुस्तक द्यायला गेले तर म्हणाली, "मला काय वाचता येतंय? गुरुजीन्ला द्या." दहा-अकरा शाळांचे शिक्षक बाजाराला येतात. एकतीस प्रती गेल्या. चंदर तापाने पडून होता, भेटला नाही.
परतताना एसटीत उभी होते. तरी बरे वाटत होते. हे नोंदवते, कारण क्वचित वाटते.

४ जुलै
कंपनीचे पत्र. छापील किमतीखाली विक्री म्हणजे 'बाजार बिघडवणे', कलम तेरा, कायदेशीर कारवाई वगैरे. महाराष्ट्रभर मांडणी करता येत नाही, पण पेठच्या फरशीवरची बातमी यांना पुण्यात दोन आठवड्यांत कळते.

९ जुलै
आश्रमशाळेचे पवार गुरुजी (सिन्नरकडचे, विज्ञान शिकवतात) यांचे कार्ड. 'मॅडम, पुस्तक घेऊन मुलांना दोनदा रानात नेले. एकही भाजी चित्राशी जुळली नाही. आमचेच चुकत असेल.'
चुकतच असेल. निरीक्षणाची सवय नाही, त्याला पुस्तक काय करणार? स्वतः जाऊन दाखवीन.

१६ जुलै
जे घडले ते घडले तसे लिहिते.
शाळेमागचा उतार. गुरुजी, मुले, चंदर (आता बरा), हिराबाई. तिची ओटी कुर्डूच्या कोंबांनी भरलेली. मी सातवी चित्रपट्टी, कुर्डूची, उघडून म्हटले, हे पाहा, हेच.
हिराबाई वाकली. पुस्तकाकडे पाहिले, ओटीकडे पाहिले.
"आगं बया, हे त फुललंय! फुललं की भाजी ऱ्हात नाय, बाई. जून व्हती."
पुढची पट्टी. कवळीची भाजी, तीही फुलांवर. पुढची. पुढची. फळभाज्या आणि ज्यांचा फुलोराच खातात ती शेवळे सोडली तर एक्कावन्न पट्ट्या, सर्व फुलोऱ्यात. वनस्पती ओळखायची ती फुलावरून, हे मी एकतीस वर्षे शिकवले. हर्बेरियमसाठी गोळा केली तीही फुलावर असतानाच. डोंगरात खुडतात ती फुलापूर्वी, चार-सहा आठवडे. ते मला ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. मजकुरात प्रत्येक भाजीखाली लिहिलेही आहे, 'कोवळी खुडावी'. वर चित्र मात्र…
गुरुजींच्या हातात एक कोंब होता, पुस्तक पाहून भारंगी म्हणून तोडलेला. हिराबाईने तो घेऊन लांब फेकला. "हे खाऊ नका, गुरुजी. रातभर उलट्या करशाल. ल्हानपणी दोन्ही बहिणीबहिणीच दिसत्यात."
त्याच वयात ओळख हवी. त्याच वयाचे एकही चित्र माझ्या पुस्तकात नाही.
चंदर सावकाश पाने उलटत होता. म्हणाला, "चित्रं लय ग्वाड हायेत, बाई." मग आणखी एक पान उलटून: "पर आशी आमी बियाला ठेवतो." त्याला टोमणा मारता येत नाही, म्हणून ऐकवेना.
पुण्यात तीन तज्ज्ञांनी चित्रे तपासली. चंदरने ती सव्वा वर्षापूर्वी पाहायला मागितली होती.

१७ जुलै
सुमनला सांगितले. वाटले, हसेल. तिने चहा केला. म्हणाली, "मग आता?"
गुरुजींना पत्र: पुस्तकावर विसंबून काहीही खुडू नये. उरलेल्या तीस प्रतींच्या शिक्षकांनाही हेच. सर्व पत्रे हाताने लिहिली. सुमनने तिकिटे लावली.

२९ जुलै
सुधारित आवृत्तीबद्दल विचारले होते, रा.चे उत्तर. नवा सहभाग बत्तीस हजार. चित्रे प्रत्येकी चारशे, वेगळी. पुन्हा तीनशे प्रती. शिवाय पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती लेखिकेने उचलल्याखेरीज दुसरी काढता येणार नाही, कलम चौदा. शेवटी, 'आपल्या परिपूर्णतेच्या आग्रहाचा आम्हांस आदर आहे.'
संताप आला, पण धड उभा राहीना. लुबाडतात हे खरे. पण ज्या एका चुकीने पुस्तक निकामी झाले, तिचे बिल त्यांनी लावलेले नाही. ती माझ्या पदरची, आणि फुकट मिळाली.

६ ऑगस्ट
चार दिवस चंदरच्या ओसरीवर. हिराबाई सकाळी खुडून आणते, मी कोमेजण्याआधी काढते. हात चित्रकाराचा नाही, रेषा थरथरते. कुर्डू दोनदा काढली. चंदर चित्र हातभर लांब धरतो, मग जवळ आणतो.
"देठाला लाली नाय घेतली."
घेतली.
"हां. आता बघून भूक लागती."
कुर्डू झाली. टाकळा झाला. भारंगी झाली, तिच्याशेजारी ती फेकून दिलेली बहीणही काढली. कवळी तिसऱ्यांदा परत केली. चौथ्यांदा दुरुस्ती करायची आहे. हा माणूस दुरुस्तीचे पैसे घेत नाही.

९ ऑगस्ट
अजून अठ्ठेचाळीस. हिराबाई म्हणते, आठ-दहा दिवसांत रान फुलावर येईल. मग थेट पुढचा ज्येष्ठ. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. चंदरला त्याचे वय ठाऊक नाही, पण माझ्याहून मोठा.
शालिमारचा मुद्रक म्हणतो, चित्रांची सुटी पाने काढून देतो, जुन्या प्रतींत घाला. रा. म्हणेल, छापलेल्या प्रतीत फेरफार नाही, कलम सहा. त्याने पाठवलेला नवा करार टेबलावर आहे. या वेळी आधी अकरावे कलम काढले आणि समासात लिहिले: किंमत पंचेचाळीस रुपये. पेन्सिलने. सही केलेली नाही, परतही पाठवलेला नाही.
सकाळच्या एसटीने पेठ. सुमन बरोबर येते म्हणते, पाने धरायला. पेन्सिली घ्यायच्या: दोन एचबी, एक टूबी. लाल एक, देठांसाठी.