दुसरा भाग सगळ्यात खाली

पांढुर्णा, जानेवारी १९८८

प्रिय प्रतिभा,

मोठ्यानं म्हणत लिहायची माझी खोड तुला माहीतच आहे. तर सुनेला ‘प्रिय’ लिहितात का, म्हणून तुझी सासू विचारून राहिली. म्हटलं, लिहितात. आता पुढचं मनातल्या मनात लिहितो. तिला वाटून राहिलं, मी तुला घरी बोलावतो आहे.

तुझं पत्र पोचलं. कपाळाचे टाके निघाले, जखम भरली, हे वाचून जरा बरं वाटलं. पण खालचं वाचलं अन् डोकंच फिरलं. ‘बावडीवाली’चा दुसरा भाग सगळ्यात चांगला? दुसरा? अगं, आपण दोघांनी एकाच टीव्हीवर एकच मालिका पाहिली नं? का दिवाणावर बसून मी एक पाहून राहिलो होतो अन् दाराजवळच्या चटईवर तू दुसरीच?

पहिला भाग पहिला, यात वादच नाही. ठाकुरानं बायकोला बावडीत ढकललं अन् ती ओल्या केसांनी विहिरीची एकेक पायरी चढून वर आली, तेव्हा तू पदर तोंडात धरला होता अन् तुझी सासू देवघरात जाऊन बसली होती. पडद्यावर निम्म्या मुंग्याच होत्या, तरी माझ्या अंगावर काटा आला. बाई कोणाच्या बापाला भ्याली नाही. अख्खी हवेली चळाचळा कापून राहिली होती.

तिसरा भाग फालतू, कबूल. तो शहरातला डॉक्टर, ते प्लास्टिकचं वटवाघूळ! त्याचा दोरा तर तूच मला दाखवला. पण त्यात ती हवेली सोडून नदीकाठच्या शाळेत राहते, पोरींच्या पाट्या पुसते, अन् कोणाची तिला हात लावायची हिंमत होत नाही. म्हणून वटवाघळासकट तो माझ्याकडे दुसऱ्या नंबरवर.

अन् तुझा तो दुसरा सगळ्यात खाली. आहे काय त्यात? ठाकूर बावडीच्या काठावर डोकं आपटतो, ढसाढसा रडतो, गावचे शहाणे हात जोडतात, अन् ही महामाया परत त्याच हवेलीत जाऊन दिवे लावत बसते. भूत असून! बाप्पा, मेल्यावर तरी माणसानं काहून कोणाचं ऐकावं? तू लिहिलं, ‘मामाजी, शेवटी तिनं घर जोडलं.’ काय कप्पाळ जोडलं! त्याच ठाकुरानं पुढं तिला बाटलीत कोंडायला मांत्रिक आणला, हे विसरली काय? तू शिकलेली पोरगी, तुला एवढं कळू नये याचा मला भयंकर राग येऊन राहिला.

दारू सोडली, असं दिलीपनं तुला लिहिलं म्हणे. सोडली नाही. परवा भाजीत मीठ कमी म्हणून भरलं ताट आईच्या अंगावर फेकलं. तरी ती माउली त्याचीच बाजू घेते, अन् सगळे माझ्या मागे लागले, तुम्ही जा, प्रतिभाला आणा. आपल्याकडे सासरा स्वतः घ्यायला गेला की सुनेनं नाही म्हणायचं नसते, तिच्या बापानंही नाही. दिलीपला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो मला पुढं करून राहिला. माझाच पोरगा आहे, पण लाज वाटते.

तर लिहायचं कारण हे. रविवारी बोरगावच्या भैय्याजींची जीप घेऊन आम्ही सौंसरला तुझ्या माहेरी येतो. चहा-पोहे होतील, हवापाण्याच्या गोष्टी होतील, मग मी लुगडं अन् नारळ तुझ्यासमोर ठेवीन अन् सगळ्यांदेखत म्हणीन, पोरी, चाल घरी. मला म्हणावंच लागेल, तुझ्या सासूशी उरलेला जन्म काढायचा आहे. माझ्या डोळ्यांत पाणी येईल, अन् ते काही खोटं नसेल, कारण तुझ्याविना या घरात मला करमत नाही. तू तिकडं पाहू नको. नारळाला हात लावू नको. चारचौघांत ठणकावून सांग, मी येत नाही. मी तणतणत जीपमध्ये जाऊन बसीन. तुझे बाबा घाबरतील, व्याह्याचा अपमान झाला म्हणतील. होऊ दे.

तुझाच,
मामाजी