अण्णांचा एकच शब्द

९ जून, परतूर
जालन्याच्या दवाखान्यातून अण्णांना आज घरी आणलं. लकव्याचा झटका, उजवा हात लुळा. मोंढ्यात दिवसभर मालाची बोली पुकारणारा माणूस, आता तोंडात एकच शब्द. बराबर. बाकी सगळे गेले, लेकीचं नावसुद्धा.
मी झूऑलॉजीची म्हटल्यावर डॉ. मॅडमनी भराभर सांगितलं. अफेजिया : शब्द सापडत नाहीत. अग्राफिया : लिहिता येत नाही. अप्रॅक्सिया : मनात एक, हात करतो दुसरंच. कॉलेजात अशीच पाठ केल्ती, ॲनीमिया, ॲनॉक्सिया, अमायटोसिस. ग्रीकांचा ‘अ’ न् आपला ‘अ’ एकच. म्हणजे नाही. तिथं त्याला मार्क होते.

१२ जून
“चहा घेता?” “बराबर.” “नको का?” “बराबर.” मंग कपच ढकलून दिला. डोळ्यात पाणी. त्यांना कळतंय सगळं, ते आत बसून ऐकून राह्यलेत.
आई म्हणते, बोलतील हळूहळू. तिला ‘अ’ समजावून सांगितला. म्हणाली, “तू गप बस बरं.”

१७ जून
काका आल्ते. वाटूरचं स्थळ. पोराचं बी-बियाण्याचं दुकान, माणसं चांगली. “दादाच्या डोळ्यादेखत उरकून टाकू.”
मी म्हटलं, औरंगाबादला एम.एस्सी.चा फॉर्म भरायचाय. काकांनी ऐकलंच नाही, सरळ अण्णांपुढं बसले. “दादा, पसंत हाये ना?”
“बराबर.”
झालं. आईनं साखर वाटली. अण्णांनी डाव्या हातानं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. काका म्हणे, “पोरगी जाणार म्हणून जीव तुटून राह्यला.”

१८ जून
आईला म्हटलं, त्यांच्या बराबरला अर्थ न्हाई. कांदा विचार, पाऊस विचार, बराबरच म्हणतील.
“नवऱ्याच्या तोंडचा शब्द हाये. तुझ्या पुस्तकासाठी मी तो खोटा पाडू?”
मंग पदर डोळ्याला. मी जिंकले नाही, हरलेही नाही. वाटूरला गेले तर तिथं चूल-संसार. न गेले तर इथं, भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. औरंगाबादला जाईन तेव्हा हे कोण…

२१ जून
नवा प्रयोग. पुढ्यात वाटी न् पेला. हवं तर वाटीला हात, नको तर पेल्याला. कधी जमतं, कधी उलटं. भूक लागलेली असते न् हात पेल्याकडं जातो. मंग स्वतःच्याच हाताकडं असे बघतात, जसा तो शेजाऱ्याचा आहे.

२४ जून
दुपारी आई दळणाला गेल्ती. दार लोटून विचारलं. “अण्णा, वाटूरचं करू?”
डावा हात उचलला. मंग पेला.
मी लगेच म्हटलं, “मंग शिकायला जाऊ?”
पुन्हा पेला.
एकदा विचारलं, दोनदा विचारलं. पेलाच. हात चुकला, की खरंच दोन्ही नको? मी इथंच राहावं असं वाटतं त्यांना? की पहिल्यांदाही हातच चुकला, न् मला पाहिजे होतं तेच मी वाचलं? काकांनी बराबरचं केलं तेच मी पेल्याचं करून राह्यले.
आईला सांगितलं नाही.

२८ जून
वाटूरचे पाहुणे येऊन गेले. बैठक भरली, पोहे झाले. मुलाच्या वडलांनी अण्णांचा हात हातात घेतला. “शेठ, तुमची जबान झाली म्हंजे आम्हाला पुरे.”
मी ट्रे घेऊन उभी. म्हटलं, “त्यांना हो-नाही सांगता येत नाही. त्यांच्या शब्दावर नका जाऊ. मला विचारा.”
काका उठले. मुलाचे वडील म्हणाले, “विचारतो मंग. बोल पोरी.”
“मला शिकायचंय. पण अण्णांना टाकून जाता येत नाही. न् लग्न आत्ता नाही करायचं.”
“मंग करायचं काय तुला?”
मी ट्रे आत नेला. आठ दिवसांत कळवा म्हणून गेले. काका जेवले नाहीत. आई बोलत नाही. घरात आता अण्णाच एकटे माझ्याशी बोलतात.

२९ जून
सकाळी अण्णांचं तोंड पुसत होते. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. म्हणाले, “जा.”
स्पष्ट. बराबर नव्हे. आई चुलीपासून धावत आली. “काय म्हणले?”
“जा म्हणले.”
“कुठं?”
दोघी त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. ती म्हणते, वाटूरला जा. ओला फडका हातात तसाच. ते खिडकीकडं बघून राह्यलेत, न् ओठ पुन्हा जुळवतायत…