पलीकडची टोपली

१७ फेब्रु.
टाक्या धुतल्या. गेवराईहून नियमाची झेरॉक्स आणली, दोनदा वाचली. बाटलीवर जिल्ह्याचं नाव हवं तर द्राक्षं सगळी जिल्ह्यातलीच. सगळी म्हणजे मणी न् मणी? लेबल नाही मिळालं तर आप्पाकाकांची पहिली वाइन बिननावाची, मोठ्या कारखान्याच्या टँकरमधून जाणार. काका म्हणतात, "दत्ता, लई इचार करतो तू."

१९ फेब्रु.
पहिला तोडा. सुमनताई सासरच्या बागेतली टोपली घेऊन आली. लेकीच्या घरचं फळ आधी, मग आपलं. काकांकडे दर तोड्याला हा मान असतो. काकांनी टोपली कपाळाला लावली आणि सरळ क्रशरमध्ये रिकामी केली. मागोमाग आमची कॅरेट. मी "काका, अहो..." एवढंच म्हणालो. ताईचं सासर गोदावरीपलीकडं. जिल्हा दुसरा.

२० फेब्रु.
काकांना बोललो. "एका टोपलीनं काय व्हतंय बे? लेकीचा मान माघारी धाडू?"
खरंच, काय होतं? कुणाला विचारावं?

२२ फेब्रु.
ताईला फोन केला. तिकडची बाग ज्या काड्या लावून केली, त्या लग्नानंतर इथूनच गेल्यात! "मंग सांग, द्राक्षं कुठली? अन् मी कुठली रे?" हसत सुटली.
तोड्याच्या दिवशी तिनं इथं घरी खायला ठेवलेला घड आणि आमचा, दोन्ही चाखले. पलीकडचे जरा आंबट. की मला माहीत होतं म्हणून? कुठला कुठचा ते न सांगता काकूला दिले. तिला बरोबर उलटं लागलं.

३ मार्च
लेबल मंजूर करणाऱ्या समितीचे साहेब आले. टाकीला कान लावून आतली फसफस ऐकत उभे. "सगळी इथलीच ना?" काकांनी मान डोलावली. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक टोपली पलीकडची हाय, साहेब."
काका बघतच राहिले.
साहेबांनी पेन खिशात घातलं. "कोणाची?" मान, काड्या, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "हे नियमात कुठंच नाही. ती बाग बघता येईल?"

४ मार्च
आज साहेबांना घेऊन पूल ओलांडायचा. छापून आणलेला लेबलांचा गठ्ठा तसाच प्लास्टिकमध्ये. काका कालपासून अबोल, पण गाडी त्यांनीच पुसून ठेवलीय.
आत्ताच ताईचा फोन. "पाहुणा पयल्यांदा येतोय. रिकाम्या हातानं कसं धाडायचं? टोपली भरू का?"
थांब म्हणालो. साहेब गाडीत बसलेत.