सृष्टीबाई का उठतात

सोमवार, १२ नोव्हेंबर २०१८

सहा वेळा! मी मोजलं. साडेअकरा, एक, दोन, सव्वातीन, साडेचार, पावणेसहा. सृष्टीबाई पाच महिन्यांच्या आहेत. रात्री उठतात, डोळे मिटून घटाघटा पितात, झोपतात — तासाभरात पुन्हा आहेच.

ताई सकाळी ब्रश करता करता उभ्या उभ्या झोपली. खरंच, तोंडात फेस आणि डोळे बंद! मग म्हणाली, "असंच चाललं ना शालू, तर मी राजीनामा देते. दहा डिसेंबरला जॉइन व्हायचंय. पावणेसातला चौकात कंपनीची बस. या डोक्याने मी काय काम करणार?" रणजित भाऊजी टॉवेल शोधत होते, ते शोधायचे थांबले.

ताई आमच्या घरातली पहिली इंजिनिअर. यवतमाळहून थेट हिंजवडी. आणि मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेली. दसऱ्याला चार दिवस म्हणून विश्रांतवाडीला आले, दिवाळी झाली तरी इथेच. माझ्यासाठी हा विक्रम. ताई ऑफिसला गेल्यावर सृष्टीला कोण सांभाळणार, हे घरात कोणी बोलत नाही. माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात.

पण सृष्टी का उठते? मला तेवढंच कळून घ्यायचंय.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

एका कोऱ्या कागदावर तक्ता केला, फ्रीजवर चिकटवला. किती वाजता उठली, किती वेळ प्यायली.

कारणं मात्र प्रत्येकाकडे तयार आहेत. भाऊजी — "गरम होतं तिला." मालिशवाल्या चंद्रभागाबाई, कळसगावच्या, सत्तरीच्या — "सांजच्याला बी त्याल लावाया पायजे. सकाळचं कुटवर पुरल?" वरच्या मजल्यावरच्या काकू — "आमच्या वेळी मुलं झोपायची. आता आयाच मोबाइल घेऊन जाग्या, तर मुलांनी झोपून करायचं काय?" डॉक्टरीणबाई — "वजन उत्तम आहे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. या वयात उठतात बाळं." मी विचारलं, "पण सहा वेळा?" त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

बुधवार, १४ नोव्हेंबर

चंद्रभागाबाईंना घाण्याचं तीळतेलच हवं, म्हणून मंडईकडे गेले. तिथे एक बाई शिंगाडे सोलत होती. दोन बोटं, एक सुरी, साल अख्खी निघते! बघत बसले. मग तिने मला सोलायला दिले. अडीच तास.

घरी आल्यावर ताई — "काऊन गं, तेल?"

"शिंगाडे आणलेत."

"शालू!!"

ताई तेव्हा सृष्टीला पाजत होती. मी शिंगाडा नाचवला — दोन शिंगंवाला काळा राक्षस. सृष्टीने पिणं सोडलं आणि बघतच राहिली. हनुवटीवरून दूध गळतंय, बाई खिदळतायत. पुन्हा प्यायली नाही ती नाहीच.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

काल रात्री सात.

एक मात्र झकास आहे. माझा आवाज आला की सृष्टी पिता पिता गर्रकन वळते. ताई ओरडते, "आई गं! अगं सोडून तरी वळ!" ती मला बघून हसते. आईचं दूध सोडून मला! असं कोणी कोणासाठी करतं का?

सोमवार, १९ नोव्हेंबर

ताईची बस कुठून जाते बघायला हिंजवडीला निघाले. दोन तास दहा मिनिटं! वर्ध्याची मैत्रीण तिथे पीजीत राहते. म्हणाली, थांब आज. थांबले.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

आज परत आले. एक रात्र म्हणता म्हणता तीन झाल्या. तिथल्या शेतांच्या बांधावरच काचेच्या इमारती आहेत, आणि मधेच एक म्हैस. म्हशीच्या मालकाशी गप्पा झाल्या. ते लिहीन कधीतरी.

मोठी बातमी ही की ताईने तक्ता भरून ठेवलाय. तीन, दोन, दोन! ताईचा चेहरा माणसासारखा दिसतोय. भाऊजी म्हणतात पंखा. चंद्रभागाबाई म्हणतात त्याल. काकू म्हणतात, "मी ओरडले म्हणून."

शनिवार, २४ नोव्हेंबर

काल सहा, आज सहा. तेल तेच, पंखा तोच. मग बदललं काय? डोकं खाजवून दमले.

चंद्रभागाबाईंना विचारलं. त्या सृष्टीला पायावर घेऊन रगडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिसा पितं का पोर पोटभर?"

"पिते की."

"काय पितं! तू आलीस की दोन घोट आन् तुझ्याकडं बघत बसतं. मग राती आंधार, शांत, तवा समदं भरून काढतं. आमी पदर टाकायचो पोराच्या अंगावरून. नजर लागंल म्हनायचं. खरं तर त्यानं हिकडं तिकडं बघू नाई म्हनून. तुझी ताई बसती गाऊनवर, दार सताड उघडं, आन् म्होरं तू. जत्राच हाय की."

मी हसले. नंतर हसू गेलं.

रविवार, २५ नोव्हेंबर

मोबाइलवर वेळ लावली. मी खोलीत असताना — दोन मिनिटं, तीन मिनिटं, दीड. कोथिंबीर आणायला म्हणून घराबाहेर पडले आणि बंद दाराला कान लावून उभी राहिले — चौदा मिनिटं!

मीच. पंखा नाही, तेल नाही, मी!

आणि तिला तरी काय बोलू? मीही तशीच. आई भरवायची तेव्हा घास तोंडात ठेवून अंगणातल्या खारीकडे बघायचे. शाळेत बाई म्हणायच्या, फळा इकडे आहे.

ताईला सांगायला गेले. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून निभतंय गं." नाही सांगितलं.

बुधवार, २८ नोव्हेंबर

नाही सांगितलं. नागपूरला आत्या म्हणाली होती, "तुझ्यामुळे पोरांचा अभ्यास होत नाही." त्याच रात्री मी बस पकडली होती. मी स्वतःहून निघते तेव्हा काही वाटत नाही. कोणी जा म्हटलं की वेगळंच होतं.

खोलीत कमी जाते. पण दारातून डोकावलं की ती वळतेच. आणि मी डोकावतेच!

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपली होती. स्क्रीनवर मॅनेजरला मेल. 'माझा राजीनामा स्वीकारावा' एवढं मला इंग्रजीतही कळतं. अजून पाठवला नव्हता.

शनिवार, १ डिसेंबर

सांगितलं. सगळं, मिनिटांसकट.

वाटलं होतं, चकित होईल, चिडेल. तिने सृष्टीच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता ऐकून घेतलं. म्हणाली, "हं. मग पाजताना दार लावून घेत जाऊ. तू हॉलमध्ये बस." बस्स! इतका मोठा शोध लावला, बाईला काही नाही! मला जरा रागच आला.

मेलचं विचारलं. "सोमवारपर्यंत थांबते," म्हणाली.

सोमवार, ३ डिसेंबर

दिवसा दार बंद, पडदा ओढलेला, सृष्टीवर ताईची ओढणी. मी हॉलमध्ये बोटं मोडते. अठरा मिनिटं, पंधरा, वीस. रात्री चार.

मेल गेला नाही.

गुरुवार, ६ डिसेंबर

दोन!! साडेअकरा ते चार सलग. ताई मधेच घाबरून उठली, सृष्टीच्या नाकाशी बोट धरून बसली. म्हणजे ताई तीनदा उठली आणि सृष्टी दोनदा. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "त्यालानं गुण आला."

रविवार, ९ डिसेंबर

शेवटी विषय निघाला. मी म्हटलं, आठवडाभर सांभाळते, मग गोकर्णला जाणार, मैत्रिणींचं ठरलंय. ताई म्हणाली, "बरं. तोवर पाळणाघर बघू." पाण्याचा तांब्या मात्र तिने दोनदा भरला.

सोमवार, १० डिसेंबर

ताईची बस गेली. फ्रीजमध्ये तिने काढून ठेवलेलं दूध, ओट्यावर वाटी-चमचा.

गॅस संपला. मागचा कधी आणला होता बघायला कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान उलटलं. तारीख मी मोबाइलवर बघते, भिंतीकडे कोण बघतं! दूधवाला आला नाही की ताई त्या चौकोनात बारीक पेन्सिलीने 'दूध नाही' लिहून ठेवते. १९, २०, २१ — तिन्ही चौकोनांत 'शालू नाही'. बावीस — 'शालू आली'. आणि तेवीस — 'शालूमुळेच. सांगायचं नाही, निघून जाईल.'

तेवीस. माझ्याही आधी. त्यानंतर सात-आठ रात्री ती तशीच उठत राहिली.

मैत्रिणींना कळवलं, गोकर्णला येत नाही.

सृष्टी कुरकुरतेय. दार लावते, ओढणी दोघींच्या डोक्यावरून घेते. आता एक शब्द नाही.